दंत क्ष-किरण यंत्राच्या सुरक्षा-मानकांचा इतिहास : परभणी जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

मराठवाड्याच्या आरोग्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने साथीचे रोग, दुष्काळ आणि शासकीय रुग्णालये यांकडे गेलेले दिसते. दंतवैद्याच्या खोलीत भिंतीवरील लोखंडी हाताला टांगलेले छोटेसे क्ष-किरण यंत्र अशा इतिहासाच्या कक्षेत सहसा येत नाही. वस्तुतः या यंत्राचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे. त्याच्या सुरक्षिततेचे जे नियम आज पाठ्यपुस्तकांत काही ओळींत सामावतात, त्यांतील अनेक नियमांमागे कोणाची तरी बोटे, कोणाचा तरी हात गमावल्याची हकिकत आहे.

सुरक्षा-मानक कागदावर सर्वत्र सारखेच असते. परंतु ते सिद्ध होताना काही गोष्टी न बोलता गृहीत धरलेल्या असतात. दंत क्ष-किरण यंत्राच्या बाबतीत अशी तीन गृहीतके सांगता येतात : स्थिर दाबाचा वीजपुरवठा, वीस अंश सेल्सिअसच्या आसपासचे पाणी आणि बोलावल्यावर येऊ शकेल असा तंत्रज्ञ. ही मानके ज्या देशांत घडली तेथे या तिन्ही गोष्टी बहुतांशी उपलब्ध होत्या. परभणीसारख्या जिल्ह्यात त्या दंतवैद्यालाच उभ्या कराव्या लागल्या. या दृष्टीने मानकांच्या इतिहासाचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीची तीन दशके : दंतवैद्याचा देह हेच मापक

विल्हेल्म राँटगेन यांना जर्मनीतील वुर्झबर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला. डिसेंबरअखेरीस त्यांनी तो प्रसिद्ध केला आणि जानेवारी १८९६ मध्येच ब्राउनश्वाइग येथील दंतवैद्य ऑटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचे छायाचित्र घेतले. त्यासाठी त्यांना सुमारे पंचवीस मिनिटे किरणांसमोर निश्चल राहावे लागले. आज हेच काम सेकंदाच्या अंशात होते. या कामात वॉल्कहॉफ यांचे सहकारी असलेले रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ गीझेल पुढे १९२७ साली किरणोत्सर्गजन्य कर्करोगाने मृत्यू पावले.

याच काळात अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथे एडमंड केल्स या दंतवैद्याने १८९६ पासून हे तंत्र नित्याच्या व्यवसायात आणले. त्या वेळच्या वायुयुक्त नळीतून निघणारे किरण रोज सारखे नसत. म्हणून प्रत्येक वेळी नळी जुळवून घेताना केल्स नळीसमोर स्वतःचा हात धरीत आणि प्रकाशमान पडद्यावर हाडांची आकृती किती स्पष्ट दिसते ते पाहात. यंत्राची तपासणी करणारे उपकरण म्हणजे त्यांचा स्वतःचा हात होता. त्याची किंमत त्यांना बोटे, मग पंजा आणि शेवटी हात गमावून चुकवावी लागली. अनेक शस्त्रक्रियांनंतर १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. केल्स हे निष्काळजी होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. रुग्णाला योग्य तेवढेच किरण मिळावेत म्हणून ते यंत्र तपासत होते. तपासण्याची दुसरी रीत त्यांच्या हाताशी नव्हती, इतकेच.

ती रीत बोस्टनमधील विल्यम रॉलिन्स या दंतवैद्याने सुचविली होती. रॉलिन्स यांचा हात १८९८ साली किरणांनी भाजला आणि त्यांनी प्रयोगांना आरंभ केला. १९०१ साली त्यांनी गिनीपिगांवर केलेल्या प्रयोगांतून असे दाखवून दिले की, विजेचा धक्का लागण्याची शक्यता पूर्ण टाळली तरी केवळ क्ष-किरणांनी प्राणी मरतात. भाजण्याच्या जखमा किरणांमुळे नसून विजेमुळे होतात असे मानणारा एक पक्ष तेव्हा प्रबळ होता, त्यामुळे या निष्कर्षाकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. रॉलिन्स यांनी नळी शिशाच्या आवरणात बंद करावी, वैद्याने किरण अडविणारा चष्मा वापरावा आणि रुग्णाचा तपासावयाचा भाग तेवढा उघडा ठेवून बाकीचा झाकावा, असे सांगितले. आवरणातून किरण झिरपतात की नाही हे पाहण्यासाठी त्यांची कसोटी फार साधी होती : आवरणाबाहेर छायाचित्रणाची काच सात मिनिटे ठेवावी, ती काळवंडली नाही तर आवरण समाधानकारक समजावे. किरणांच्या गळतीला मर्यादा घालण्याचा हा अगदी आरंभीचा प्रयत्न होय. त्यासाठी कोणतेही महागडे उपकरण लागत नव्हते, हे पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

यंत्राची बांधणी आणि मानकांची घडण

१९१३ साली विल्यम कूलिज यांनी तप्त तंतूची नळी तयार केली. तिच्यामुळे किरणांची तीव्रता इच्छेप्रमाणे ठरविता येऊ लागली आणि हात समोर धरून नळी जुळविण्याची गरज संपली. तरीही उच्च दाबाच्या तारा उघड्याच होत्या. दंतवैद्याच्या खुर्चीजवळ हजारो व्होल्टच्या तारा लोंबत असल्याने विजेच्या धक्क्याचे भय किरणांच्या भयाहून मोठे होते. १९२३ साली व्हिक्टर कंपनीने नळी व ट्रान्सफॉर्मर दोन्ही तेलाने भरलेल्या एकाच बंद पेटीत बसविले, आणि आजही ओळखू येईल असे यंत्राचे ‘डोके’ अस्तित्वात आले. तेल वीज अडविते व उष्णता वाहून नेते. म्हणूनच डोक्याच्या सांध्यातून तेल पाझरू लागणे हे केवळ अस्वच्छतेचे लक्षण नसून यंत्र तत्काळ थांबविण्याचे कारण असते.

नियमांची आखणी यानंतर वेगाने झाली. ब्रिटनमध्ये १९२१ साली क्ष-किरण व रेडियम संरक्षण समिती स्थापन झाली. १९२८ च्या स्टॉकहोम येथील परिषदेतून आंतरराष्ट्रीय समिती निर्माण झाली आणि १९५० पासून ती आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोग या नावाने ओळखली जाते. १९३४ साली ‘सहन होण्याजोगी’ मात्रा दिवसाला ०.२ राँटगेन मानली गेली होती. १९९० च्या शिफारशींनुसार व्यवसायानिमित्त किरणांशी संबंध येणाऱ्यांसाठी ती पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि सामान्य जनतेसाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ठरली. या अवधीत आकडे तर बदललेच. शिवाय ‘सहन होते तेवढे चालेल’ ही भूमिका जाऊन ‘शक्य तितके कमी’ ही भूमिका आली.

यंत्रापुरते पाहिल्यास काही मोजमापे आता स्थिर झाली आहेत. ७० किलोव्होल्टपर्यंतच्या यंत्रात किरणांच्या मार्गात एकूण दीड मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमइतकी गाळणी असावी, त्याहून अधिक दाबाच्या यंत्रात अडीच मिलिमीटर. तोंडात फिल्म ठेवून चित्र घेणाऱ्या यंत्राच्या डोक्यातून होणारी गळती एक मीटर अंतरावर तासाला ०.२५ मिलिग्रेपेक्षा अधिक नसावी. बाहेर पडणारा झोत रुग्णाच्या त्वचेपाशी सहा सेंटिमीटर व्यासाहून मोठा नसावा. वैद्याने आडोशामागे किंवा निदान सहा फूट दूर, झोताच्या रेषेबाहेर उभे राहावे. रुग्णाच्या तोंडातील फिल्म वैद्याने किंवा मदतनिसाने बोटाने धरू नये. हा शेवटचा नियम वाचताना केल्स यांच्या हाताचे स्मरण झाल्याशिवाय राहत नाही, आणि व्यवहारात सर्वांत सहज मोडला जाणाराही हाच आहे.

येथे भय आणि वास्तव यांतील अंतरही स्पष्ट केले पाहिजे. सुस्थितीतील यंत्रावर दाताच्या एका चित्रातून मिळणारी परिणामी मात्रा काही मायक्रोसिव्हर्ट इतकीच असते. जमीन, अन्न, हवा व अवकाश यांतून माणसाला निसर्गतः जगाच्या सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. म्हणजे एक चित्र हे फार तर दिवसभराच्या नैसर्गिक मात्रेच्या आसपासचे. दातांच्या चित्राला घाबरून उपचार टाळणे त्यामुळे अनाठायी ठरते. प्रश्न उद्भवतो तो यंत्र सुस्थितीत नसताना, चित्र पुन्हा पुन्हा घ्यावे लागते तेव्हा, आणि रुग्ण लहान मूल असते तेव्हा.

भारतातील नियमन : कायदा आणि त्याचा आवाका

भारतात दंतवैद्यकाचे संस्थात्मक शिक्षण कलकत्त्यात १९२० साली डॉ. आर. अहमद यांच्या प्रयत्नांनी सुरू झाले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ चे. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने व्यवसायाची नोंदणी बंधनकारक केली. तथापि दंतवैद्याची नोंदणी आणि त्याच्या यंत्राची नोंदणी या दोन गोष्टी भारतात दीर्घकाळ अगदी निराळ्या वाटांनी चालल्या. पहिली आरोग्य-प्रशासनाकडे, तर दुसरी अणुऊर्जेच्या कायद्याकडे गेली.

१९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली १९७१ साली किरणोत्सर्ग संरक्षण नियम झाले. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना झाली आणि क्ष-किरण यंत्रे त्याच्या कक्षेत आली. वैद्यकीय निदानाच्या यंत्रांसाठी मंडळाची सुधारित सुरक्षा-संहिता २००१ साली निघाली, २००४ साली १९७१ च्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली, आणि २०१६ साली संहितेची पुन्हा नवी आवृत्ती आली. अणुभट्टीवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडेच तालुक्याच्या गावातील दातांच्या दवाखान्याचीही जबाबदारी असावी, ही रचना शास्त्रीयदृष्ट्या सुसंगत असली तरी प्रशासकीयदृष्ट्या अवघड होती. मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तिनगर येथे. तेथून परभणी रेल्वेने सुमारे साडेपाचशे किलोमीटर.

ही अडचण ओळखली गेली नव्हती असे नाही. प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय स्थापन व्हावे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला होता. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी मंडळाच्या कार्याचे लेखापरीक्षण करून २०१२ साली जो अहवाल सादर केला, त्यात जुलै २०१२ पर्यंत अशी संचालनालये केवळ केरळ व मिझोराम या दोन राज्यांतच झाल्याचे नमूद आहे. म्हणजे महाराष्ट्र त्यात नव्हता. याच अहवालानुसार देशातील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी केवळ ५,२७० मंडळाच्या नोंदणीत होती. उरलेली ५२,१७३, म्हणजे सुमारे ९१ टक्के, नियमनाच्या बाहेर होती. हे आकडे सर्व प्रकारच्या वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांचे आहेत, केवळ दंतवैद्यकाचे नव्हेत. तरीही अकरा यंत्रांपैकी एकाच यंत्राची माहिती नियामकाजवळ असणे याचा अर्थ पुरेसा बोलका आहे. तीस वर्षे संस्था होती, संहिता होती, तपासणीचे निकष होते. निकष कोणाला लावावयाचे त्याची यादी मात्र नव्हती.

अहवालानंतर परिस्थितीत फरक पडला हे मान्य करावयास हवे. मंडळाने २०१३ साली ‘ई-लोरा’ ही संगणकीय नोंदणी-व्यवस्था सुरू केली. दंतवैद्याला आपल्या गावी बसून यंत्राची नोंद करणे शक्य झाले, आणि दर दोन वर्षांनी गुणवत्ता-तपासणी करून तिचा अहवाल ठेवण्याची अट प्रत्यक्षात येऊ लागली. तथापि नोंदणी म्हणजे देखभाल नव्हे. दोन तपासण्यांच्या मधली सातशे तीस दिवसांची जबाबदारी दंतवैद्याचीच असते.

परभणी : तीन गृहीतकांची परीक्षा

परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० साली महाराष्ट्राचा भाग झाला. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाल्यानंतर उरलेल्या परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा या नऊ तालुक्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १८,३६,०८६ होती. मराठवाड्यातील शासकीय दंत महाविद्यालय तत्कालीन औरंगाबाद येथे १९८२ साली झाले. परभणी शहरात सरस्वती धन्वंतरी हे खासगी दंत महाविद्यालय आहे. शहराबाहेर दातांचे उपचार मुख्यतः तालुक्याच्या गावातील एकट्या दंतवैद्याच्या दवाखान्यावर अवलंबून असतात. तेथे यंत्राचा मालक, वापरणारा, डार्करूममध्ये फिल्म धुणारा आणि नियमांना उत्तरदायी असणारा हा बहुधा एकच माणूस असतो.

पहिले गृहीतक विजेचे. दंत क्ष-किरण यंत्र घरगुती २३० व्होल्ट पुरवठ्यावर चालते. पुरवठ्याचा दाब उतरला की नळीतील तंतू कमी तापतो, इलेक्ट्रॉनांचा प्रवाह त्याहून अधिक प्रमाणात घटतो आणि किरणांची भेदकताही उतरते. फिल्म फिकी येते. मग चित्र पुन्हा घेतले जाते, किंवा वेळेची कळ एक घर पुढे सरकवून तीच सवय होते. पहिल्या दशकात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने जे भारनियमन सोसले, त्याची चर्चा शेतीपंप आणि पिठाच्या गिरण्या यांच्या संदर्भात पुष्कळ झाली. क्ष-किरण यंत्राच्या संदर्भात ती झाल्याचे आढळत नाही. जुन्या यंत्रांच्या फलकावर पुरवठ्याचा दाब दाखविणारा काटा व तो जुळविण्याचे बटण असे. किरण देण्यापूर्वी काटा पाहणे हा तेव्हा कामाचा भाग होता. पुढे हे काम यंत्राच्या आतील मंडलाकडे गेले आणि काटा नाहीसा झाला. ज्या यंत्रात ते मंडल बिघडलेले किंवा मुळातच नसते, तेथे पुरवठा-स्थिरक बसविणे हेच सुरक्षेचे साधन ठरते. शिशाच्या अॅप्रनविषयी जितके बोलले जाते तितके या स्थिरकाविषयी बोलले जात नाही. अमेरिकन दंतवैद्यक संघटनेच्या तज्ज्ञ-समितीने २०२४ साली दातांच्या चित्रांसाठी अॅप्रन व गळपट्टा यांचा नित्य वापर आवश्यक नसल्याचे सांगितले. त्यामागे झोताची मर्यादा व यंत्राची गुणवत्ता पुरेशी सुधारली आहे हा विश्वास आहे. तो विश्वास प्रत्येक यंत्रावर ठेवता येईल काय, हे त्या त्या यंत्राच्या देखभालीवरच ठरेल.

दुसरे गृहीतक पाण्याच्या तापमानाचे. फिल्म धुण्याच्या रसायनांचे प्रमाणित तापमान २० अंश सेल्सिअस, आणि त्या तापमानाला डेव्हलपरमध्ये ठेवण्याचा काळ सुमारे पाच मिनिटे. परभणीत उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, तर हिवाळ्यात तो दहाच्याही खाली उतरतो. परभणीच्या कृषी विद्यापीठातील थंडीच्या नोंदी वृत्तपत्रांत दरवर्षी झळकतात. गार डेव्हलपर मंद काम करतो व चित्र फिके येते. तप्त डेव्हलपर चित्र झटकन काळे करतो आणि स्वतः लवकर खराब होतो. थकलेल्या डेव्हलपरात फिल्म पुन्हा फिकीच येते. वरकरणी दोष यंत्राचा वाटतो व किरणांचा काळ वाढविला जातो. रुग्णाच्या जबड्यावर दुप्पट किरण पडण्याचे कारण अशा वेळी यंत्रात नसून मोरीशेजारच्या डब्यात असते. अधिक संवेदनशील फिल्मा जगात १९५५, १९८१ व २००० अशा टप्प्यांनी आल्या आणि प्रत्येक टप्प्याने किरणांची गरज घटविली. परंतु डेव्हलपर जुना असेल तर त्या संवेदनशीलतेचा लाभ वाया जातो.

संगणकीय संवेदकाने हा प्रश्न सुटला, असे मानण्याकडे कल असतो. या तंत्राचा पाया फ्रान्समध्ये फ्रान्सिस मुयाँ यांनी १९८० च्या दशकात घातला. संवेदकाला किरण कमी लागतात व रसायने लागतच नाहीत, हे खरे. मात्र फिल्मवर किरण जास्त झाले तर ती काळी पडून दोष दाखवीत असे. संवेदकाचे चित्र संगणक आपोआप सुधारून घेतो, त्यामुळे जास्तीचे किरण दिसून येत नाहीत. शिवाय चित्र क्षणात दिसत असल्याने पुन्हा घेण्याचा मोहही सोपा होतो. जुन्या यंत्राला नवा संवेदक जोडून वेळेची कळ मात्र फिल्मच्याच घरावर राहू देणे, ही चूक त्यामुळेच लक्षात येत नाही.

तिसरे गृहीतक तंत्रज्ञाचे. यंत्राचा हात ढिला होऊन डोके हळूहळू खाली सरकणे, वेळेचे घड्याळ चुकणे, झोताच्या तोंडाला चीर पडणे, तेल पाझरणे हे दोष दुरुस्त करणारा माणूस तालुक्याच्या गावी सहसा नसतो. तो येईपर्यंत डोके कोणीतरी हाताने धरून ठेवण्याचा प्रसंग येतो, आणि इतिहास पुन्हा १८९६ च्या खोलीत जातो.

दुरुस्ती बाहेरच्या माणसावर अवलंबून असली तरी दोष वेळीच ओळखणे तसे नसते. रॉलिन्स यांच्या काचेसारख्या साध्या कसोट्या आजही पाठ्यपुस्तकांत आहेत. फिल्मच्या पाकिटात जो शिशाचा पातळ पत्रा असतो, तो फेकून न देता त्याचे थर पायऱ्यांसारखे रचले की त्याची एक पट्टी तयार होते. ताज्या रसायनांत धुतलेले तिचे एक चित्र जपून ठेवावयाचे, रोज सकाळी त्याच वेळेला व त्याच अंतरावर तिचे चित्र घ्यावयाचे आणि जपलेल्या चित्राशी ताडावयाचे. पायऱ्यांच्या छटा सरकल्या असतील तर रसायन, वीज किंवा यंत्र यांपैकी काहीतरी बिघडले आहे, हे पहिला रुग्ण खुर्चीत बसण्यापूर्वीच कळते. डार्करूमच्या लाल दिव्यासाठी नाण्याची कसोटी आहे : उघड्या फिल्मवर नाणे ठेवून काही मिनिटांनी फिल्म धुतली आणि नाण्याचा गोल उमटला, तर दिवा किंवा दाराची फट दोषी आहे. दंत महाविद्यालयात या कसोट्या विद्यार्थ्यांना शिकविल्या जातात. जिल्ह्यातील दवाखान्यांसाठी त्याच महाविद्यालयातून वर्षातून एकदा अशी तपासणी का होऊ नये, हा प्रश्न महाविद्यालयीन विस्तारकार्याच्या चर्चेत येण्यास योग्य आहे.

यंत्राचा उत्तरार्ध

मानकांच्या इतिहासात यंत्राच्या अखेरीचा विचार सर्वांत उशिरा आला. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० असलेले विद्यापीठातील जुने उपकरण फोडले गेले, अनेकांना बाधा झाली व एकाचा मृत्यू झाला. तेव्हापासून ‘किरणोत्सर्गी भंगार’ या शब्दप्रयोगाखाली क्ष-किरण यंत्रालाही धरण्याची प्रवृत्ती दिसते. ती चुकीची आहे. दंत क्ष-किरण यंत्रात किरणोत्सर्गी पदार्थ नसतो. वीज बंद असताना ते लोखंड, काच, तेल व शिसे यांचे निरुपद्रवी गाठोडे असते. त्याचा धोका भंगारात जाण्यात नाही, तर भंगारात न जाता दुसऱ्या दवाखान्यात जाण्यात आहे. मोठ्या शहरात निवृत्त झालेले यंत्र स्वस्तात विकले जाऊ शकते. त्याबरोबर त्याच्या तपासणीचे कागद जातातच असे नाही, आणि ज्या गावी ते पोहोचते तेथे वीज, पाणी व तंत्रज्ञ यांची स्थिती मूळ ठिकाणाहून दुर्बळ असण्याचाच संभव अधिक. ब्रिटनमध्ये २०१२ साली आंतरजालावरून विकल्या जाणाऱ्या एका स्वस्त, हातात धरावयाच्या दंत क्ष-किरण यंत्राविरुद्ध शासनाने सार्वजनिक इशारा दिला. त्याच्या आवरणात शिसे पुरेसे नसल्याने किरण थेट वापरणाऱ्याच्या अंगावर झिरपत होते. रॉलिन्स यांच्या सात मिनिटांच्या काचेने ते यंत्र पहिल्याच दिवशी पकडले असते.

यंत्र विकताना, हलविताना किंवा मोडीत काढताना त्याची नोंद नियामकाकडे करणे आणि मोडीत काढलेली नळी पुन्हा वापरता येणार नाही अशी करणे, हे आता नियमाने अपेक्षित आहे. परभणीच्या एखाद्या दवाखान्यात जुने यंत्र विकत घेतले जात असेल तर नोंदणी-क्रमांक, शेवटच्या गुणवत्ता-तपासणीचा अहवाल आणि पूर्वीच्या मालकाच्या नावे असलेली नोंद रद्द झाल्याचा कागद, एवढ्या तीन गोष्टी किमतीआधी मागितल्या जाणे आवश्यक आहे.